शांत राहायची सोय कोणाची कोण करतं?

नमस्कार. बौद्ध साधनेतली बायकांची बाजू आणि घरकाम करतानाची सजगता यांबद्दल मी जे म्हटलं, त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबेल.

तुमचे आक्षेप दोन. चित्त ना बाईचं असतं ना पुरुषाचं, खुद्द सोमा थेरीने (थेरी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुनी) हे माराला, साधकांना वाटेवरून ढळवणाऱ्या त्या मोहाच्या देवतेला, सुनावलं. मग साधनेत 'बायकांची बाजू' कुठून आली? आणि घरकाम करताना सजग राहणं ही मनाची समजूत आहे, खरी साधना म्हणजे रोज तासभर स्थिर बसणं.

दुसरा आधी घेते, तो सोपा आहे. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धांच्या प्रवचनात, चालणं, वाकणं, हातपाय पसरणं, खाणंपिणं, इतकंच काय, शौचाला जाणंही सजगपणे करायला सांगितलंय. पटाचारा थेरीने पाय धुतले, उतारावरून वाहत जाणारं पाणी पाहिलं, मग दिवा घेऊन आत गेली. सुईने वात खाली ओढली, दिवा विझला आणि तिचं चित्त मुक्त झालं. थेरीगाथेतल्या, म्हणजे थेरींच्या कवितांच्या संग्रहातल्या, पहिल्या गाथेच्या थेरीचं तर नावही उरलेलं नाही. नवरा घर सोडू देत नव्हता म्हणून ती घरातच साधना करत होती, आणि चुलीवरची भाजी करपताना पाहून तिला अनित्यता उमगली, असं अट्ठकथा, म्हणजे त्यावरचं जुनं भाष्य, सांगते.

याचा अर्थ मी राबण्याचे गोडवे गाते आहे, असा मात्र काढू नका. त्याच थेरीगाथेत मुत्ता नावाची थेरी उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा या तिन्हींतून सुटल्याचा आनंद उघडपणे सांगते. हिच्या आनंदावर बोट ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

आता सोमा. माराने तिला हिणवलं की ऋषींनाही अवघड असलेली जागा दोन बोटांच्या अकलेची बाई काय गाठणार. तिने उत्तर दिलं, चित्त एकाग्र असेल तर स्त्रीपण कुठे आड येतं? हे उत्तर वाट अडवणाऱ्याला होतं. तुम्ही ते 'मला बसायला वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडावर फेकताय.

मला खरं बोलायचंय ते ककचूपम सुत्तातल्या वेदेहिकेबद्दल. ही श्रावस्तीतली गृहिणी. शांत, सौम्य म्हणून तिचा लौकिक होता. तिची काळी नावाची दासी कामात चोख. काळीच्या मनात आलं, मालकिणीला राग मुळातच नाही, की माझं काम चोख आहे म्हणून तो बाहेर येत नाही? बघायला म्हणून ती उशिरा उठली. मालकीण चिडली. पुढच्या खेपेला आणखी उशीर, तेव्हा शिव्या. तिसऱ्या खेपेला वेदेहिकेने दाराचा अडसर तिच्या डोक्यात घातला. काळी रक्ताळलेलं डोकं घेऊन शेजाऱ्यांना दाखवायला गेली.

बुद्धांनी ही गोष्ट भिक्खूंना सांगितली ती अप्रिय शब्द कानावर पडेपर्यंतच टिकणाऱ्या सौम्यपणाबद्दल. प्रवचनांतही वेदेहिकेचा रागच चघळला जातो. बायका ही गोष्ट ऐकतात तेव्हा त्यांचं लक्ष काळीकडे जातं. मालकिणीची शांती पहाटे उठून कोण उभी करत होतं, हे त्यांना वेगळं समजावावं लागत नाही. (डोकं फुटलं तेही तिचंच.)

तुमच्या तासभर बसण्याबद्दल माझा प्रश्न एवढाच आहे. त्या तासात दाराची घंटा वाजली तर कोण उठतं? मूल रडलं, आजारी माणसाने हाक मारली तर? ध्यानाला बसलेल्या बाईचा एक कान बाहेरच असतो, आणि याला 'चित्त चंचल आहे' म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. तिला आणखी एखादं तंत्र शिकवून काही होणार नाही. तिच्या वाटणीचा तास दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवा. चित्ताला लिंग नसेलही. घरातल्या कामाच्या वाटणीला अजून आहे, आणि साधना त्याच घरात चालते.

शेवटी तुम्ही खोचकपणे विचारलंत, पुरुष साधकांचं काय चुकतं तेही सांगून टाका. चुकीचं नको, चांगलंच उदाहरण देते. चूळवेदल्ल सुत्तात विशाख हा उपासक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, धम्मदिन्ना भिक्खुनीकडे जातो. अट्ठकथेप्रमाणे ती त्याची पूर्वाश्रमीची पत्नी. तो एकामागून एक प्रश्न विचारतो, ती उत्तरं देते. सगळं ऐकून बुद्ध त्याला म्हणतात, मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं. त्या अख्ख्या सुत्तात विशाख तिला काही समजावायला जात नाही. विचारतो आणि ऐकून घेतो.