९५ टक्के, पण कशाचे?

पुण्यातल्या दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या आणि घरगुती डबे देणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'भारतात शंभरातले ९५ फोन अँड्रॉइड. शर्यत संपली, ॲपल हरलं. अँड्रॉइड फुकट म्हणून जिंकलं. जास्त खपतं तेच टिकतं. ॲप काढायचं तर अँड्रॉइडवरच काढा, आयफोनवरचा खर्च पाण्यात.' शेवटचा सल्ला काही धंद्यांना लागूही पडेल. पण आधीच्या चार विधानांतून तो निघत नाही.

'शंभरातले ९५ फोन.' हा आकडा सहसा स्टॅटकाउंटरवरून उचललेला असतो, आणि स्टॅटकाउंटर फोन मोजतच नाही. ज्या वेबसाइटांवर त्याचा कोड बसवलेला आहे, त्यांची उघडलेली पानं मोजतो. दिवसात ४० पानं चाळणारा ४० वेळा मोजला जातो. दिवसभर यूट्यूब आणि व्हॉट्सॲपच्या ॲपमध्ये असणारा एकदाही नाही. आयडीसी आणि काउंटरपॉइंट या बाजारपाहणी करणाऱ्या कंपन्यांच्या तिमाही आकड्यांत कंपनीकडून विक्रीसाठी बाहेर पडलेले नवे फोन असतात. तीन वर्षं वापरलेला आयफोन दुसऱ्या हाती गेला, तर ॲपलला नवा वापरकर्ता मिळतो, पण या हिशेबात तो कुठेच येत नाही. तिसरी मोजणी चालू उपकरणांची. गुगलने मे २०२१ मध्ये ३ अब्ज अँड्रॉइड उपकरणं सांगितली, ॲपलने जानेवारी २०२५ मध्ये २.३५ अब्ज, पण ॲपलच्या आकड्यात आयपॅड आणि मॅकही धरलेत. हे आकडे शेजारी ठेवून कोण पुढे ते काढणं म्हणजे लिटरमधून किलो वजा करणं. शिवाय देशाची सरासरी पुण्यातलं श्रीमंत कोरेगाव पार्क आणि जिल्ह्यातलं दुर्गम वेल्हे एकाच पातेल्यात ढवळते. ॲपलने देशातलं आपलं चौथं दुकान ४ सप्टेंबर २०२५ ला कोरेगाव पार्कातच का उघडलं, हे त्या ९५ मधून कळणार नाही.

'ॲपल हरलं.' कोणाच्या वहीत? २०२४ च्या आर्थिक वर्षात ॲपलची उलाढाल सुमारे ३९१ अब्ज डॉलर, त्यातले २०१ अब्ज नुसत्या आयफोनचे. किती नग विकले हे ॲपल २०१८ च्या अखेरीपासून सांगतच नाही. गुगलचा गल्ला फोनवर नाही, जाहिरातींवर भरतो. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आलं, की आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलंच सर्च बसलेलं राहावं म्हणून गुगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर मोजले. म्हणजे आयफोनवर कोणी काही शोधलं, तरी दोघांचंही भागतं. भागत नाही ते फोन बनवणाऱ्यांचं. एलजीने २०२१ मध्ये फोनचा धंदाच गुंडाळला. मायक्रोमॅक्स २०१४ च्या अखेरीस कॅनालिस या बाजारपाहणी कंपनीच्या मोजणीत भारतात सॅमसंगच्याही पुढे होती. काही वर्षांत चिनी कंपन्यांच्या रेट्यात बाजूला पडली. दोघेही तेच 'जिंकलेलं' अँड्रॉइड विकत होते.

'फुकट म्हणून जिंकलं.' अर्धं खरं. मूळ कोड कोणीही घ्यावा असा मोकळा आहे. प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब मात्र गुगलशी करार केल्यावरच बसवता येतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे हुआवेईच्या नव्या फोनांतून ही ॲप्स गेली, कोड तसाच राहिला, आणि चीनबाहेरची विक्री कोसळली. अशाच करारांतल्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला.

'जास्त खपतं तेच टिकतं.' नोकियाच्या फोनांतली सिंबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम २०१० मध्ये जगात सर्वाधिक खपत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये खुद्द नोकियाने विंडोज फोनकडे जायचं जाहीर केलं. ब्लॅकबेरीचे ग्राहक २०१२ मध्ये ८ कोटींवर पोचले होते, आयफोन येऊन पाच वर्षं झाल्यावर. तेही टिकलं नाही.

आता सल्ल्याकडे. तो देशाच्या सरासरीवरून नाही, तुमच्या बिलांवरून ठरतो. ४०-५० डब्यांसाठी ॲपच नको, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग पुरतो. त्यापुढे गेलात तर गेल्या ९० दिवसांच्या ऑर्डरी ऑपरेटिंग सिस्टिमनुसार वेगळ्या करा: संख्या, रक्कम, पुन्हा आलेले ग्राहक. व्हिजिटरच्या आकड्यावर जाऊ नका. ग्राहक ओळखायला वेबसाइटच्या स्क्रिप्टने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण, म्हणजे कुकी, सफारी सात दिवसांत पुसते, म्हणून दहा दिवसांनी परतलेला आयफोनवाला भेटी मोजणाऱ्या ॲनालिटिक्सला नवाच माणूस वाटतो. डोकी जास्त दिसतात, परतणारे कमी. ऑर्डरी मोबाइल नंबरावरून जुळवा. वेबसाइटच नसेल तर गल्ल्यावर दोन आठवडे बिलाच्या कोपऱ्यात 'आ' किंवा 'अँ' लिहा. आयफोनवाल्यांकडून वर्षाला सुटणारा नफा दुसऱ्या ॲपच्या देखभालीपेक्षा कमी भरला, तर मेसेजचा सल्ला तुमच्यापुरता बरोबर. त्यांना मोबाइलवर नीट चालणारी वेबसाइट द्या.

ॲप स्टोअरवर टाकायला लागणारं गुगलचं डेव्हलपर खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दरवर्षी ९९. डबा, मिठाई, साडी अशा हाती पडणाऱ्या वस्तूंवर दोन्ही स्टोअर कमिशन घेत नाहीत, यूपीआय चालतं. रेकॉर्ड केलेल्या लेक्चरचं तसं नाही, ती ॲपमधून विकली की कमिशन लागतं. ॲपलचा लहान डेव्हलपरांसाठीचा दर १५ टक्के, तोही वेगळी नोंदणी केली तरच. एकास-एक शिकवणी ॲपलच्या नियमातून सुटते, अनेकांना एकदम शिकवलेला लाइव्ह क्लास सुटत नाही.

अँड्रॉइडवर ॲप टाकणं सोपं, हाही एक समज. नोव्हेंबर २०२३ च्या मध्यानंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस चाचणी दाखवावी लागते. घोडं अडतं ते असं: ईमेल यादीत टाकलेले असतात, पण लिंक उघडून होकार कोणी दिलेलाच नसतो, किंवा मध्येच एकजण बाहेर पडतो आणि बारा भरत नाहीत. १५-१६ जण घ्या.

ॲप चालू झाल्यावर तक्रारी येतात त्या नोटिफिकेशनच्या. शाओमी, विवो, ओप्पोच्या बऱ्याच फोनांत बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप्स बंद केली जातात, आणि 'डबा निघाला' हा निरोप ग्राहक ॲप उघडेपर्यंत पोचत नाही. ॲपच्या माहितीत जाऊन ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरीचे निर्बंध बंद, असं दोन्ही करावं लागतं. पर्यायांची नावं दर कंपनीत निराळी. आयफोनवर दुखणं वेगळं: परवानगीची चौकट एकदाच येते. ग्राहकाने नकार दिला की ॲपला पुन्हा विचारता येत नाही, त्यालाच सेटिंगमध्ये जावं लागतं. म्हणून ती चौकट ॲप उघडताक्षणी नको, पहिली ऑर्डर झाल्यावर दाखवा. वेळेची बाब असेल तिथे दोन्ही फोनांसाठी सोबत एसएमएस ठेवा, आणि त्याच्या मजकुराची डीएलटी नोंदणी (धंद्याच्या एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडे करावी लागणारी नोंदणी) आधीच उरका. नाहीतर तो टेलिकॉम कंपनीकडेच अडतो.