दहावीचे वर्ष आणि शाळेच्या टॅबची कुलपे

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मुलीच्या वर्गशिक्षिकांचा फोन आला. शाळेने दिलेल्या टॅबवर माझ्या मुलीने अनुचित मजकूर शोधल्याची नोंद शाळेकडे आली आहे, तरी घरी तिच्याशी एकदा बोलून घ्यावे, असे त्यांनी चाचरत सांगितले. फोन ठेवून मी तिच्या टेबलापाशी गेले, तेव्हा तिच्यासमोर राज्य मंडळाचे दहावीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ हे पुस्तक उघडे होते आणि तिसरा धडा चालू होता. ज्यांची मुले दहावीत आहेत किंवा दहावी होऊन पुढे गेली आहेत, त्यांना हा धडा ठाऊक असेल. सजीवांतील जीवनप्रक्रियांचा हा दुसरा भाग म्हणजे प्रजननाचा धडा. त्यात मानवी प्रजनन संस्थेच्या आकृत्या आहेत, ऋतुचक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबीची आणि सरोगसीची माहिती आहे. स्त्री-प्रजनन संस्थेची आकृती नावांसह काढायचा सराव करायचा म्हणून माझ्या मुलीने तिचे मोठे, स्पष्ट चित्र शोधले. टॅबवर लाल पाटी आली आणि तिच्या नावाची नोंद शाळेत जाऊन पोहोचली.

महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या पाठ्यपुस्तकातला शब्द शाळेच्या टॅबवर लिहिणे हा शाळेच्या लेखी गुन्हा ठरतो, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. बाईंना मी पुस्तकाचा पान क्रमांक सांगितला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "अहो ताई, मला कळतंय, पण ती यादी आपोआप येते, मी फक्त फोन करते." म्हणजे यादी यंत्र तयार करते, ती न वाचता पुढे पाठवली जाते आणि शेवटी पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या शिक्षिकेसमोर मान खाली घालून उभे राहावे लागते. त्या नोंदींचा फलक संगणक विभागातल्या सरांनाही दिसतो, हे तिला मैत्रिणीकडून कळले. त्या दिवसापासून तिने टॅबवर काही शोधणेच बंद केले आहे. मी दोनदा सांगून पाहिले की तुझी काही चूक नाही, तर ती म्हणाली, "आई, नको, परत नाव येईल." ज्या वयात मुलांनी दिसेल त्या गोष्टीविषयी प्रश्न विचारावेत, त्या वयात प्रश्न विचारला की नाव नोंदले जाते, एवढे एकच या टॅबने तिला पक्के शिकवले.

हा टॅब शाळेने फुकट दिलेला नाही. नववीच्या सुरुवातीला आम्ही दोन हप्त्यांत २२,००० रुपये भरले. घरातला टॅब चालणार नाही, बाजारातून स्वतः घेतलेला चालणार नाही, शाळेने ठरवलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा, असा नियम होता. फुटला तर खर्च आमचा, हरवला तर भरपाई आमची, मात्र त्यावर काय चालावे आणि काय चालू नये हे ठरवण्याचा आम्हाला काडीचाही अधिकार नाही. हमीपत्रावर सही मीच केली, आणि मनापासून केली, कारण गेम, अश्लील मजकूर आणि अनोळखी माणसांशी गप्पा बंद असाव्यात हे मलाही हवे होते आणि आजही हवे आहे. शाळेने कुलूप लावले याबद्दल माझी तक्रार नाही. ते आंधळेपणाने लावले आहे आणि त्याची किल्ली फिरवायला कुणी तयार नाही, याचा मला संताप येतो.

अशा टॅबमध्ये जे व्यवस्थापनाचे ॲप बसवलेले असते, त्याला अँड्रॉइडच्या परिभाषेत 'डिव्हाइस ओनर' म्हणतात, म्हणजे यंत्राचा मालक. ते एकदा बसले की सेटिंग्ज दिसेनाशी करणे, प्ले स्टोअर बंद करणे, कॅमेरा बंद करणे, यूएसबी आणि ब्लूटूथ बंद करणे, ठरावीक ॲप सोडून बाकी सगळे लपवणे, हे सर्व दूर कुठेतरी बसलेल्या माणसाला एका पडद्यावरून करता येते. तितक्याच सहजपणे त्याला ते चालूही करता येते, आणि मला सांगायचे आहे ते नेमके हेच. मी खाली ज्या तक्रारी मांडते आहे त्यांतली एकही अशी नाही की जिच्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागेल किंवा पैसे मोजावे लागतील. कुणीतरी दहा मिनिटे बसून बटणे दाबायची आहेत, आणि ती दहा मिनिटे गेल्या दीड वर्षात आमच्या मुलांच्या वाट्याला आलेली नाहीत.

मराठीचेच पाहा. ऑगस्टमध्ये कुमारभारतीच्या उपयोजित लेखनातला आत्मकथनाचा गृहपाठ टॅबवरच्या ॲपमध्ये टंकलिखित करून पाठवायला सांगितला. विषय होता जुन्या विहिरीचे आत्मकथन. टॅबवर देवनागरी कळफलक नाही. तो जोडायचा तर सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा निवडावी लागते, आणि सेटिंग्ज लपवलेली आहेत. बोलून लिहावे म्हटले तर मायक्रोफोन बंद. वहीत लिहून फोटो पाठवावा म्हटले तर कॅमेरा बंद. शेवटी माझ्या मुलीने तीनशे शब्दांचा तो निबंध रोमन लिपीत लिहून पाठवला. तिची आजी तिला लहानपणापासून मराठी वाचून दाखवत आली आहे, मुलीची भाषा खरोखर चांगली आहे, आणि त्या निबंधात विहिरीच्या तळाशी साचलेल्या गाळाचे फार सुंदर वर्णन होते. पण रोमन लिपीत 'गाळ' आणि 'गाल' सारखेच दिसतात, 'पाणी'तला 'ण' कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नसतो. निबंध परत आला तेव्हा शुद्धलेखनाचे गुण कापलेले होते आणि खाली शेरा होता, 'लिपीकडे लक्ष द्यावे'.

तो शेरा वाचून मी रात्रभर जागी होते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी संगणकावर आहे. आज अगदी स्वस्तातल्या फोनवरही भाजीवाल्या मावशी मराठीत निरोप पाठवतात. २०२० साली या राज्याने कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आमच्या शाळेतही कार्यक्रम झाला, मुलांनी फेटे बांधले, भाषणे झाली. त्याच शाळेच्या टॅबवर मराठीचा गृहपाठ मराठीत लिहिता येत नाही, आणि न लिहिल्याबद्दल गुण मात्र मुलीचे जातात.

वाचायचीही तीच रड आहे. संकेतस्थळांवर बंधने घालणाऱ्या या गाळण्या वर्गवारीवर चालतात. हे शिक्षण, हे खेळ, हे खरेदी, अशा याद्या केलेल्या असतात आणि ज्या संकेतस्थळाची वर्गवारीच झालेली नाही त्याला सरसकट अडवण्याचा एक पर्याय असतो. आमच्या शाळेने तो पर्याय निवडलेला असावा, कारण इंग्रजी विकिपीडिया उघडतो, मराठी विकिपीडिया उघडत नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली उभा राहिलेला आणि आज कुणालाही विनामूल्य वाचता येणारा मराठी विश्वकोश उघडत नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, पण डाउनलोड बंद असल्यामुळे तीही घेता येत नाहीत. दुसरीकडे एका गणिताच्या ॲपमध्ये दर दोन उदाहरणांनंतर महागड्या शिकवणीची जाहिरात येते, कारण ते ॲप मान्य यादीत आहे.

आता आठ वाजताच्या कुलपाविषयी. मुलांनी रात्री पडद्यासमोर बसू नये म्हणून टॅब रोज रात्री आठ वाजता आपोआप बंद होतो. हेतू चांगला आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु माझी मुलगी शाळेनंतर क्लासला जाते आणि घरी येईपर्यंत साडेसात होतात. हातपाय धुऊन, चार घास खाऊन ती टॅब उघडते तेव्हा तिच्या हाती पंधरा मिनिटे उरतात. गृहपाठ पाठवण्याची मुदत मात्र रात्री दहाची आहे, आणि मुदत ठरवणारे ॲप त्याच टॅबवर आहे. आठ वाजता दार लावून घ्यायचे आणि दहा वाजेपर्यंत आत येऊन जा असे सांगायचे, हा हिशोब कुणी केला? एका गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नव्हती, टॅबची बॅटरी संपली, आणि संध्याकाळी चार्जिंग होईपर्यंत आठ वाजून गेले. दुसऱ्या दिवशी तिच्या नावापुढे 'अपूर्ण' असे आले.

मग घरोघरी काय होते, ते मी सांगते. मुलगी आईचा फोन मागते. माझ्या फोनवर कोणतेही कुलूप नाही. त्यावर यूट्यूब आहे, इन्स्टाग्राम आहे, नातेवाइकांचे डझनभर गट आहेत आणि त्यांवर येणारे नको नको ते व्हिडिओ आहेत. ज्या गोष्टींपासून मुलीला दूर ठेवण्यासाठी शाळेने २२,००० रुपयांचा टॅब घ्यायला लावला, त्या सगळ्या गोष्टींच्या मधोमध बसून ती रात्री साडेनऊला विज्ञानाचा गृहपाठ करते, आणि मीच तिला तो फोन देते, कारण दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही.

गणपतीत तर कहर झाला. आम्ही देवगडजवळ गावी जातो. घरापाशी नेटवर्क येत नाही, ते शोधायला सड्यावर जावे लागते. तिने प्रकल्पाचे काम टॅबवर अर्धे केलेले होते आणि दुपारच्या निवांत वेळी ते पूर्ण करायचे ठरवले होते. पाचव्या दिवशी टॅब उघडला तर पडद्यावर सूचना होती की यंत्राचा सर्व्हरशी संपर्क तुटल्यामुळे ते सुरक्षेसाठी बंद करण्यात आले आहे, कृपया प्रशासकाशी संपर्क साधावा. प्रशासकाचा क्रमांक मंगळवार ते शनिवार सकाळी दहा ते पाच या वेळेत लागतो. तो दिवस रविवार होता. परत आल्यावर कुलूप काढले गेले, पण ते काढताना टॅब मूळ स्थितीला नेला आणि प्रकल्प पुसला गेला. तिने तो पुन्हा केला. त्या वेळी ती रडली नाही, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले, कारण या टॅबकडून आता तिची काही अपेक्षाच राहिलेली नाही.

आणि ज्यांच्यासाठी ही सगळी कुलपे आहेत ते? तिच्याच वर्गातली काही मुले टॅबवर मधल्या सुट्टीत गेम खेळतात, हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. त्यांनी पळवाट शोधून काढली आहे. यात नवल काही नाही. २०१३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी विद्यार्थ्यांना आयपॅड वाटले, तेव्हा एका हायस्कुलातल्या जवळजवळ तीनशे मुलांनी पहिल्या काही दिवसांतच त्यावरची बंधने काढून टाकली होती. ज्याला कुलूप तोडायचे आहे तो ते तोडतो. अडकते ती नियम पाळणारी मुलगी, लाल पाटी दिसली की टॅब खाली ठेवणारी.

मी शाळेत पाच वेळा गेले आहे. वर्गशिक्षिका म्हणतात संगणक विभागाला सांगा. संगणक विभाग म्हणतो बदल पुरवठादार करतो. पुरवठादाराच्या मदतकेंद्राला तक्रार केली की एक क्रमांक मिळतो आणि चार दिवसांनी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश येतो, टॅब मात्र होता तसाच असतो. शिक्षकांवर माझा राग नाही. भूगोलाच्या सरांना स्वतःच्याच टॅबवर एक व्हिडिओ दाखवता आला नाही आणि त्यांनी फळ्यावर खडूने आकृती काढून तास घेतला, असे मुलीने सांगितले. तेही आमच्यासारखेच अडकलेले आहेत. राग त्यांच्यावर आहे ज्यांनी करारावर सह्या करताना एकाही शिक्षकाला विचारले नाही की तुमच्या विषयाला काय लागते, आणि एकाही दहावीच्या मुलाच्या हाती टॅब देऊन एक दिवसाचा अभ्यास त्यावर करून पाहिला नाही.

शिवाय मुलांची माहिती कुठे जाते, हे विचारले की उत्तर मिळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. शाळांना काही बाबतींत सवलती असतीलही, पण माझ्या मुलीने काय शोधले याची यादी कोण साठवते, किती दिवस साठवते आणि तिच्या नावापुढची ती 'अनुचित' नोंद कोण पुसणार, एवढे तरी मला लेखी मिळायला हवे. मी अर्ज दिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे. येत्या शनिवारी पालकसभा आहे आणि मी मुलीचा टॅब सोबत घेऊन जाणार आहे. विज्ञानाचे पुस्तक तिसऱ्या धड्यापाशी उघडून मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवणार आहे, शेजारी टॅब ठेवणार आहे, आणि त्यांना हात जोडून सांगणार आहे की सर, या यंत्रावर आपल्या शाळेचे नाव एकदा मराठीत लिहून दाखवा, ते लिहून होईपर्यंत मी इथेच बसते.