लाल महालाच्या त्या मेसेजबद्दल

लाल महालाचा फोटो आणि खाली "जिजाऊ राहायच्या ती हीच मूळ वास्तू, शाहिस्तेखान पळाला ती हीच खिडकी" असा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुप्सवर फिरतोय, माझ्याकडेही तीनचार ठिकाणांहून आला. पाठवणाऱ्यांची भावना कळते हो, पण तो बरोबर नाहीये.

आत्ता दिसतो तो लाल महाल पुणे महापालिकेने 1984 ते 1988 च्या दरम्यान बांधलाय, मूळ जागेच्या काही भागावर. घरातल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, बांधकाम चालू असलेलं आठवत असेल. मूळ वाडा शिवकाळातला, तो फार पूर्वीच पडला, त्यामुळे 1663 ची ती खिडकी आज कुठून असणार.

आणि खरं सांगायचं तर जिजाऊंचं मोठेपण त्या भिंतींवर अवलंबून नाहीच, 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला होता, अशा ओसाड गावात त्या लहानग्या शिवबाला घेऊन आल्या, लोकांना परत वसवलं, कसबा गणपतीचं देऊळ उभं केलं. सोन्याचा नांगर फिरवल्याची गोष्ट तर आपण सगळेच ऐकत आलोय, त्याचं शिल्पही लाल महालातच आहे, मुलांना नक्की दाखवा.

तर तो मेसेज प्लीज पुढे ढकलू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा. फोटो टाकायचाच असेल तर खाली "स्मारक" लिहा, म्हणजे झालं.