पुस्तकाबरहुकूम आजारी पडा

आजारी पडणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, ते अजून नीट आजारी पडलेले नाहीत. अंग मोडून आलं, पोटात कळ आली, की लोक उठून तडक दवाखाना गाठतात. पूर्वतयारी शून्य. आपला आजार पुस्तकात कसा लिहिलाय, कोणाचं शरीर समोर ठेवून लिहिलाय, याची साधी चौकशी नाही. आणि मग निदान हुकलं की डॉक्टरांच्या नावानं खडे फोडायचे. हे बरं नव्हे. म्हणून चार गोष्टी सांगते.

शक्यतो पुरुष असा. वजन ७० किलोच्या आसपास ठेवा, कारण वैद्यकाच्या पुस्तकातला 'माणूस' कित्येक वर्षं तेवढ्याच वजनाचा आहे. भला गृहस्थ. त्याला पाळी येत नाही, दिवस जात नाहीत, पन्नाशीला बसल्या जागी घामाच्या धारा लागत नाहीत. ज्यांना हे जमण्यासारखं नाही, त्यांनी स्वतःला जरा बुटका पुरुष समजावं. फरक फक्त बिकिनीनं झाकतात तेवढ्या भागापुरता, बाकी माल तोच. (ही थट्टा माझी नाही, या विचारसरणीला जाणकार खरोखरच 'बिकिनी मेडिसिन' म्हणतात.)

हृदयविकाराचा झटका यायचाच असेल, तर तो ठसठशीत येऊ द्या. छातीवर हात, कपाळावर घाम, डाव्या हातात कळ. छातीत दुखणं बायकांनाही होतं, किंबहुना त्यांच्यातही तेच सर्वांत जास्त दिसणारं लक्षण आहे, इथवर ठीक. पण पुष्कळजणींचं तेवढ्यावर भागत नाही. मळमळ, जबड्याचं दुखणं, पाठीत चमक, धाप, काही कारण नसताना आलेला गळाठा, असा सगळा पसारा घेऊन त्या येतात, आणि कधीकधी छातीतलं दुखणंच आणायला विसरतात. मग समोरच्यानं करायचं तरी काय? जबड्यासाठी दाताचा डॉक्टर, मळमळीसाठी ॲसिडिटीची गोळी, आणि थकव्यासाठी तो सदाबहार प्रश्न: "घरी काही टेन्शन आहे का?"

या प्रश्नाला चुकूनही 'हो' म्हणू नका. 'हो' म्हटलंत की ईसीजी राहिला बाजूला.

टेन्शनला कमी मात्र लेखू नका, त्याचं घराणं जुनं आहे. पूर्वी त्या जागी हिस्टेरिया होता. हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'गर्भाशय' या शब्दावरूनच आला, म्हणजे रोग कुठे शोधायचा याचा पत्ता नावातच. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून हिस्टेरियाचं निदान १९८० मध्ये गेलं. भाडेकरू बदलला, खोली तीच.

१९९१ मध्ये बर्नाडिन हीली या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी लिहिलं की, आपला आजार पुरुषासारखाच आहे हे सिद्ध केल्यावरच बाईला पुरुषासारखे उपचार मिळतात. त्यांनी ते तक्रार म्हणून लिहिलं होतं. आपण सूचना म्हणून वाचायचं.

औषधांच्या बाबतीत धीर धरा. रोज थोडी ॲस्पिरिन घेतली तर हृदयाचा झटका टळतो का, हे पाहायला अमेरिकेत २२,०७१ डॉक्टरांवर प्रयोग झाला. १९८९ मध्ये निकाल आला: झटके ४४ टक्क्यांनी कमी. झकास! या २२,०७१ जणांत बायका किती? एकही नाही. बायकांवरचा तसाच मोठा अभ्यास आला २००५ मध्ये, जवळपास ४०,००० जणींचा. त्यांच्यात एकंदरीत हृदयाचे झटके काही फारसे कमी झाले नाहीत, मेंदूचे (म्हणजे पक्षाघाताचे) मात्र झाले. गोळी तीच, पत्ता वेगळा. सोळा वर्षांत उत्तर आलं, आणखी काय हवं?

बायकांना प्रयोगात घेत का नव्हते, असा कुजकट प्रश्न विचारू नका. काळजीपोटी! १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांगितलं की मूल होण्याची शक्यता असलेल्या बाईला औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घ्यायचं नाही. यात गर्भनिरोधक घेणारी आली, एकटी राहणारी आली, आणि जिच्या नवऱ्याची नसबंदी झालीय तीसुद्धा आली. इतका विश्वास तर सासूही दाखवत नाही. हा नियम १९९३ मध्ये मागे घेतला. उंदरांतही नरच पसंत केले जात, कारण मादीच्या हार्मोन्सचा भरवसा नाही. पुढे मोजून पाहिलं तर मादी उंदीर नरांपेक्षा जास्त लहरी निघाल्या नाहीत, पण तोवर उंदरांची सवय झाली होती.

झोप येत नसेल तर झोल्पिडेमची गोष्ट ऐका, गोळी न घेताही डोळे उघडतील. ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये आली, १० मिलिग्रॅम, सर्वांना सारखी. बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, त्यामुळे सकाळी गाडी चालवतानाही ती रक्तात हजर. २०१३ मध्ये बायकांसाठीचा डोस निम्मा झाला, ५ मिलिग्रॅम. तेव्हा कोणतीही नवी गोळी हातात पडली, की एकवीस वर्षं थांबा आणि मग घ्या.

पाळीत जीव जाण्याइतकं पोट दुखतं? "मूल झालं की थांबेल." एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) सुमारे दर दहा बायकांत एकीला असतो आणि तो सापडायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर मूलही होऊन जातं, किंवा होत नाही.

एव्हाना पुरुष वाचक गालात हसत असतील. हसू नका, तुमच्यासाठीही नियम आहेत. स्तनाचा कर्करोग करून घेऊ नका. दर शंभरातला साधारण एक रुग्ण पुरुष असतो, पण गाठ हाताला लागली तरी 'आपल्याला कशी होईल' म्हणत तो महिने काढतो. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा प्रांत, तेव्हा खुब्याचं हाड मोडून तिथे घुसखोरी करू नका. असं हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे, याची कुठे वाच्यता करू नका. आणि उदास तर मुळीच होऊ नका. नैराश्याचं निदान बायकांत जास्त होतं आणि आत्महत्या जगभर पुरुष दुपटीहून जास्त करतात. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असा विचार करायला कोणाकडे वेळ नाही. चिडा, ढोसा, गप्प बसा. त्याला स्वभाव म्हणतात, त्यावर औषध नसतं.

दवाखान्यात जाताना बायकांनी सोबत एक पुरुष न्यावा. त्याला आजाराची माहिती नसली तरी चालेल. "हिला धाप लागते" असं तो म्हणाला की धाप लागते. तुम्ही म्हणालात तर तुम्हाला 'वाटतं'.

आणि औषधाच्या खोक्यावर 'प्रौढांसाठी: एक गोळी' असं छापलेलं असतं, तिथे कोणता प्रौढ म्हणून अडू नका. तो ७० किलोचा गृहस्थच आहे तो. त्याला त्या गोळीनं छान झोप लागते आणि सकाळी तो अगदी ताजातवाना उठतो.