टवका, दातकोरणी आणि टूथपेस्टवाले काका

गाडीला ओरखडा पडला की तो मालकाच्या आधी सोसायटीला दिसतो. वॉचमन सकाळीच सांगतो, "साहेब, मागच्या दाराला लागलंय बघा." तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका टूथपेस्ट सुचवतात. काका अगदीच चूक नाहीत. टूथपेस्ट थोडी खरवडते, त्यामुळे क्लिअर कोटवरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावरचा, हलका ओरखडा पुसट होतो. पण टवका उडालेल्या जागी टूथपेस्ट चोळणं म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी ब्रश फिरवणं.

म्हणून आधी नख आडवं फिरवून पाहावं. अडकलं नाही तर रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) आणि मऊ मायक्रोफायबरचं फडकं, बस्स. अडकलं तर आत रंग बघा. राखाडी दिसला तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तर थर, चकचकीत दिसला तर पत्रा, आणि तांबूस दिसला तर तुम्ही फार दिवस "बघू नंतर" म्हणत होतात. पत्र्यावरचे सगळे थर मिळून जेमतेम 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे दोन केसांएवढे. हायवेवर पुढच्या डंपरमधून उडालेल्या खडीला तेवढं पुरतं.

टवका भरायला टच-अपचा रंग लागतो, पण दुकानात जाऊन "पांढरा द्या" म्हणू नये. पांढऱ्याच्या छटा लग्नातल्या मानपानाइतक्या नाजूक असतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावरचा रंगाचा कोड न्यावा. तरीही उन्हात सात-आठ वर्षं भाजलेल्या गाडीला नवा रंग किंचित उठून दिसणारच. सिल्व्हर मेटॅलिकवाल्यांनी तर आधीच मन घट्ट करावं.

जागा शाम्पूने धुवायची, वाळवायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. पॉलिशचं मेण राहिलं तर रंग पहिल्या धुण्यालाच पोपडा होऊन निघतो. गंज असेल तर 400 नंबरच्या पॉलिश पेपरची चिंचोक्याएवढी घडी करून तेवढाच ठिपका घासावा आणि उघड्या पत्र्याला प्रायमर लावावा. प्लॅस्टिकच्या बंपरला गंजाची भानगड नाही.

आता खरी परीक्षा. टच-अपच्या बाटलीला दिलेला ब्रश टवक्यापेक्षा चौपट रुंद असतो. तो कोणी ठरवला देव जाणे, बहुधा भिंती रंगवणाऱ्याने. तो बाजूला ठेवून दातकोरणी घ्यावी. बाटली दोन मिनिटं हलवायची, नाहीतर मेटॅलिकची चमकी तळाशी बसते. टोकावर थेंब घेऊन खड्ड्याच्या मधोमध टेकवायचा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. ओढायचा नाही. एकदाच खड्डा भरायची घाई केली की वरची साय सुकते, खाली ओलं राहतं आणि बॉनेटवर चामखीळ उगवते. पातळ तीन-चार थर, प्रत्येकात अर्धा तास. शेवटी क्लिअर कोट, आजूबाजूच्या रंगापेक्षा जरासा उंच.

हे सगळं सावलीत. तापलेल्या बॉनेटवर रंग पसरायच्या आतच आटतो. आणि जुलैत तर नकोच. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकी बुरशी आल्यासारखं दिसतं.

मग आठवडाभर हात लावायचा नाही. इथेच बहुतेकजण नापास होतात, कारण बोटाला चैन पडत नाही. आठवड्याने 2000 आणि मग 3000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून फक्त त्या उंचवट्यावर हलका फिरवावा आणि कंपाउंडने चमक आणावी. आसपासचा क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. जोर केलात तर टवका बरा होता म्हणायची वेळ येते.

दोन हातांवरून दिसेनासा झाला की थांबावं. काकांना चार हातांवरून दिसेल, आणि ते विचारतील, "टूथपेस्टच लावलीत ना?" खुशाल हो म्हणावं.