निपाणीकर, पोटदुखी कुणाची ते बघू

निपाणीकर,

'ऑनलाइन फसवणुकीवर एवढं लिहायचं कारण म्हणजे दुकानदाराची पोटदुखी. वाचून बटण दाबणारा माणूस फसत नाही' असं तुम्ही माझ्या लेखाबद्दल लिहिलंय. मतभेद असू देत, पण आधी समोरच्याची पोटदुखी काढायची आणि मग मुद्दा मांडायचा, ही कुठली रीत? लेख लांबला, एवढं कबूल.

आता दुकानाचा विषय काढलाच आहे तर ऐका. बेळगावच्या खडेबाजारातलं आमचं कापडाचं दुकान वडिलांपासूनचं. शहापुरी साड्यांचा भाव निम्मी गिऱ्हाइकं कन्नडमध्ये करतात, निम्मी मराठीत. घडी मोडली नसेल तर माल परत घेतो, भांडण झालं तर समोरासमोर होतं. साडी नेणाऱ्या बाईच्या खात्यातून दर महिन्याला गुपचूप पैसे कापायची सोय मात्र आमच्याकडं नाही, तेवढी कमी आहे खरी.

आणि वाचून म्हणजे काय वाचून? खानापूरच्या आमच्या आत्याला मराठी छान वाचता येतं. एका ॲपवर 'पहिला महिना १ रुपया' हे मोठ्या अक्षरात होतं, तेही तिनं वाचलं. पुढच्या महिन्यापासून किती कापणार, ते खाली फिक्कट बारीक इंग्रजीत. १ रुपयासाठी तिनं यूपीआय पिन टाकला, तोच ऑटोपेचा, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायचा, होकार ठरला. नंतर ॲप काढून टाकलं तरी कपात चालूच, कारण होकार ॲपबरोबर जात नाही, तो यूपीआयच्या ऑटोपे यादीत जाऊन रद्द करावा लागतो. एकदा होकार दिला की १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या कपातीला पुन्हा पिन लागत नाही. कपातीच्या २४ तास आधी संदेश येतो, तोही इंग्रजीत. आत्या अडाणी नाही हो, आणि तुम्ही तसं सुचवायचंही कारण नाही.

नुसतं वाचून भागत असतं तर केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ डार्क पॅटर्नवर, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या ऑनलाइन मांडणीवर, नियम कशाला काढले असते? सबस्क्रिप्शनचा सापळा त्यातच आहे.

बाकीचं थोडक्यात. 'कॅश ऑन डिलिव्हरी घ्या, चिंता मिटली' म्हणता. पार्सल फोडायच्या आधी पैसे मोजता ना? मग चिंता कुठं मिटली? 'तीन दिवसांत कळवलं की बँक पैसे देते' हे अर्धंच खरं. चूक तुमची नसेल तरच रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम लागू होतो. ओटीपी स्वतः सांगितलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. म्हणून आधी बँक आणि सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला फोन, भाऊबंदांना मागाहून. माल खराब निघाला, विक्रेता दाद देत नाही, तर ग्राहक मदत क्रमांक १९१५.

तुमच्या 'शिकलेल्या' घरात हे सगळ्यांना ठाऊक असेलच. तरी घरातल्या प्रत्येक फोनवर ऑटोपेची यादी उघडून बघा. अनोळखी नाव दिसलं तर मला कळवू नका, आधी ते रद्द करा.