पाठ टेकली की कुस्ती संपली

स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे मार्व्हलचा जुना कॅप्टन अमेरिका, परत येतोय. 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'चा पहिला टीझर २०२५ च्या डिसेंबरात आला तेव्हा भाचा माझ्याकडंच होता, तो सोफ्यावर उड्या मारत होता आणि मी मोबाईल हातात धरून गप्प. टीझरमध्ये मारामारी नाही, स्फोट नाही, गडी मोटरसायकलवरून गावाकडच्या घरी येतो, जुना कॅप्टन अमेरिकाचा ड्रेस बघतो, मग हातात तान्हं बाळ, आणि शेवटी पाटी येते की हा परत येणार. दिसायला लै सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण मला आनंद झाला नाही, आणि का झाला नाही हे त्या पोराला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. लांब होईल, सांभाळून घ्या.

मी ह्या पिक्चरांचा जुना माणूस आहे. २००२ चा स्पायडरमॅन हिंदीत बघितला तेव्हा सहावीत होतो, २००८ ला आयर्न मॅन आला तेव्हा आयटीआयला. तिथनं २०१९ च्या 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'पर्यंत मार्व्हलचे बावीस पिक्चर झाले आणि त्यातला एकही मी सोडला नाही. आमच्या ग्रुपात मार्व्हलवाले आणि डीसीवाले (सुपरमॅनच्या कंपनीचे) असे दोन तट आहेत, आणि कोल्हापुरात तट पडले की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची फुटबॉल मॅच असली की कसं पेठेचं रक्त उसळतं, तसंच. माणूस लहानपणी कुठल्या गल्लीत वाढला त्यावर त्याची टीम ठरते, मग पुढं टीम कशी का खेळेना. माझी गल्ली स्पायडरमॅनची, त्यामुळं मी मार्व्हलवाल्यांत मोडतो, आणि जे बोलतोय ते आपल्याच टीमबद्दल बोलतोय हे आधी लक्षात घ्या.

एंडगेमला मी आण्णांना घेऊन गेलो होतो. म्हणजे मित्र ऐनवेळी आला नाही, तिकीट वाया जाणार, म्हणून आण्णा. त्यांनी आधीचा एकही बघितलेला नव्हता. तीन तासांचा पिक्चर, पहिल्या तासात दर पाच मिनिटांनी कानात विचारायचे, ह्यो कोण, ती निळी बाई कोण, ह्यो जाड्या कोण. शेवटी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, चुटकी वाजवतो आणि मरतो. आख्खं थेटर हुंदके देत होतं, आण्णा गप्प. बाहेर आलो, गाडी काढली, दसरा चौकातल्या सिग्नलला मागनं आवाज आला, "पोरगी लै ल्हान हाय रं त्येची." एवढंच. बावीस पिक्चरांतला एकच बघितलेल्या माणसाला त्या शेवटानं कुठं धरलं होतं बघा. टोनीची पोरगी मॉर्गन, ती पायरीवर बसलेली असते, तेवढं त्यांच्या डोक्यात राहिलं. आजही कधी टीव्हीवर तो दिसला की म्हणतात, हा त्योच न्हवं का, पोरगीचा बाप.

आता आण्णांचं सांगायचं तर त्यांचं सगळं आयुष्य शिरोलीच्या फौंड्रीत आणि खासबागेत गेलं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान, तिथं गोल पायऱ्यांवर बसून त्यांनी किती मैदानं बघितली असतील त्याची गणती नाही. मलाही लहानपणी खांद्यावर बसवून न्यायचे. हलगीचा कडकडाट, ताक-हळद-तेल घालून मऊ केलेली ती तांबडी माती, तिचा वास अजून नाकात आहे. आणि तिथं बसलेल्या पब्लिकला एकच गोष्ट पाहिजे असते, कुस्ती निकाली झाली पाहिजे. दोघं पैलवान अर्धा तास एकमेकाला रेटत बसले आणि पंचांनी हात वर करून बरोबरीत सोडवली की पायऱ्यांवरनं जो गोंधळ उठतो तो ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत. कारण लोक डाव बघायला आलेले असतातच, पण त्याहीपेक्षा कुणाची तरी पाठ मातीला टेकलेली बघायला आलेले असतात. पाठ टेकली की संपलं. चितपट झालेल्या पैलवानाला कोण म्हणत नाही की बाबा ऊठ, दुसऱ्या जगात तुझी पाठ अजून टेकली नाही.

आणि मार्व्हलनं एंडगेमपासून नेमकं हेच केलं. इन्फिनिटी वॉरमध्ये गमोरा मेली, लगेच एंडगेममध्येच भूतकाळातनं दुसरी गमोरा. लोकीचा गळा व्हिलन थॅनोसनं आमच्यासमोर आवळला, तर दुसऱ्या टाइमलाइनमधला लोकी घेऊन आख्खी सिरीज. वुल्वरिन २०१७ च्या 'लोगन'मध्ये मेला, काय मरण होतं ते, झाडाखाली दगडांची समाधी आणि पोरगी त्यावरचा लाकडी क्रॉस आडवा करून एक्स करते, मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नव्हतो. २०२४ ला 'डेडपूल अँड वुल्वरिन'नं ती समाधी उकरून पिक्चर सुरू केला. हसलो मी पण, ह्यू जॅकमनला पिवळ्या ड्रेसमध्ये बघून शिट्टीही मारली. पण परत येताना जाणवलं की 'लोगन' आता पहिल्यासारखा बघता येणार नाही.

का करतात हे कळतं मला. एंडगेमनं जगभरात पावणेतीन अब्ज डॉलरच्या वर धंदा केला आणि २०२३ च्या 'द मार्व्हल्स'ला कसेबसे वीस-एकवीस कोटी डॉलर मिळाले, आख्ख्या सिरीजमधला सगळ्यात कमी. नवा मोठा व्हिलन म्हणून कँगला उभा केला होता, त्या नटाला कोर्टात दोषी ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीनं काढून टाकलं, म्हणजे पुढचा सगळा प्लॅनच कोसळला. मग जुलै २०२४ ला सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात स्टेजवर हिरवा झगा आणि मुखवटा घातलेला माणूस, मुखवटा काढला तर रॉबर्ट डाउनी ज्युनिअर, टोनी स्टार्क झालेला तोच नट, आता तो व्हिलन डॉक्टर डूम. एंडगेमचे दिग्दर्शक रूसो बंधूही परत. पुढं मार्च २०२५ ला नटांची नावं जाहीर केली ती कशी, तर नुसत्या खुर्च्या दाखवून. पाठीवर नाव लिहिलेली एकेक खुर्ची, लाइव्ह, पाच तासांच्या वर. मी मध्यरात्र उलटली तरी बघत होतो, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती तरी. एक्स-मेनची जुनी नावं यायला लागली, पॅट्रिक स्टुअर्ट, इयन मॅकेलन, तेव्हा अंगावर काटा आला हे कबूल. शेवटच्या खुर्चीवर डाउनी स्वतः. पण झोपताना विचार आला की एवढ्या खुर्च्यांत नव्या माणसांच्या किती?

आण्णांना मी सांगितलं की तो पोरगीचा बाप परत येतोय, ह्यावेळी व्हिलन होऊन. त्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हंजे तवा नुरा व्हती व्हय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून केलेली, लोकांना दाखवायला. खासबागेत ह्यापेक्षा मोठी शिवी नाही. मी त्यांना समजावलं की आण्णा, माणूस तोच पण पात्र वेगळं, टोनी मेलाय तो मेलाच आहे. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही ते दिसत होतं. आणि खरं सांगू, मलाही अर्धवटच पटलंय. ग्रुपातला एकजण म्हणतो की कॉमिक्समध्ये हे कायमच चालत आलंय, तिथं कोण कायमचं मरत नाही. बरोबर आहे त्याचं. पण कॉमिकमधला टोनी कागदावर कधीच म्हातारा होत नाही. आम्ही डाउनीला पडद्यावर अकरा वर्षं म्हातारं होताना बघितलंय, आणि त्या अकरा वर्षांत आम्हीही कॉलेज, नोकरी, लग्न सगळं उरकलं. म्हणून ते मरण खरं वाटलं.

डूम जर खरंच डूम असला, त्याचा टोनीशी काही संबंध न लावता त्यानं हिरोंना चितपट केलं आणि पुढच्या वर्षीच्या 'ॲव्हेंजर्स: सीक्रेट वॉर्स'पर्यंत ते तसंच पडून राहिलं, तर मी सगळ्यात आधी उठून टाळ्या वाजवीन. माझी भीती स्टीव्हची आहे. एंडगेमच्या शेवटी म्हातारा स्टीव्ह तळ्याकाठच्या बाकावर बसून ढाल सॅमच्या, म्हणजे नव्या कॅप्टन अमेरिकाच्या, हातात देतो, ते देणं होतं. वस्तादानं आपल्या पठ्ठ्याला उभं करावं तसं. सॅमचा स्वतःचा पिक्चर फेब्रुवारी २०२५ ला आला, तो फार काही जमला नाही हे मान्य, पण म्हणून वस्तादानं परत लंगोट लावायचा? मग पठ्ठ्यानं काय करायचं?

डीसीवाल्या मित्रांना ह्या बाबतीत मानलं पाहिजे. त्यांच्या जेम्स गन ह्या दिग्दर्शकानं जुनं सगळं पुसून नव्यानं माती ओढली आणि २०२५ च्या जुलैत आलेला सुपरमॅन सुरूच होतो तो हरलेला. तीन मिनिटांपूर्वी हा आयुष्यात पहिल्यांदा हरला असं पडद्यावर लिहून येतं आणि गडी आभाळातनं बर्फावर आपटतो, बरगड्या मोडलेल्या. मला तिथंच आवडला तो. २६ जूनला सुपरगर्ल आहे, तिलाही जाणार. आणि नवीन चेहरे चालत नाहीत म्हणणाऱ्यांनी केरळकडं बघावं, 'लोका'मध्ये त्यांनी आपल्या लोककथेतल्या यक्षीला सुपरहिरो केलं, आणि त्या मल्याळी पिक्चरनं जगभरात तीनशे कोटींच्या वर धंदा केला. आपल्याकडं मराठीत २०१५ ला 'बाजी' हा सुपरहिरोचा पिक्चर आला होता, पुढं फारसा कुणी हात घातला नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवून पिक्चर काढले त्या गावात बसून हे लिहितोय, म्हणून जास्तच.

हे सगळं मी भाच्याला सांगत होतो तर तो नववीतला पोरगा मला म्हणतो, "मामा, मग माइल्सनं बापाला मरू द्यायचं व्हय?"

निरुत्तर झालो मी. कारण तो म्हणत होता ते 'ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स'बद्दल, माझा सगळ्यात लाडका, माइल्स हा त्यातला पोरगा स्पायडरमॅन. २०२३ च्या जूनमध्ये भारतात तो दहा भाषांत आला, त्यात मराठी पण होती, आणि मी आण्णांना मराठीत दाखवायचा म्हणून गावातले सगळे शो शोधले, मला हिंदी आणि इंग्रजीच मिळाले. असो. त्या पिक्चरात सगळे स्पायडरमॅन मिळून माइल्सला सांगतात की तुझा बाप मरणार हे ठरलेलं आहे, ते घडू दे. आणि तो ऐकत नाही, सगळ्यांशी भांडून पळतो. मग मी मरण मरण करत बसलोय तर माइल्स चुकला का?

दोन दिवस विचार केला. मग आण्णांनाच विचारलं, कुस्तीतलं विचारतोय असं दाखवून. ते म्हणाले, पाठ टेकायच्या आत गड्यानं काय बी करावं, पूल करावा, कूस बदलावी, दातखिळी बसंस्तवर झटावं, तीच तर कुस्ती. टेकल्यावर न्हाय.

माइल्सचा बाप अजून मेलेला नाही. तो पडायच्या आधीची झटापट करतोय, आणि ती बघताना पोटात खड्डा पडतो कारण पाठ खरंच टेकू शकते हे आपल्याला माहीत असतं. भाच्याला हे सांगितलं. त्याला पटलं का नाही माहीत नाही, पण गप्प बसून ऐकलं त्यानं, आणि पुढचा भाग २०२७ च्या जूनमध्ये आहे, तेव्हा तो दहावी होऊन मोकळा असेल हा हिशोब पण करून टाकला.

म्हणून माझं मत विचाराल तर ह्या वर्षी मी डूम्सडेपेक्षा ३१ जुलैची जास्त वाट बघतोय, 'स्पायडर-मॅन: ब्रँड न्यू डे'. आधीच्या 'नो वे होम'च्या शेवटी पीटरनं, म्हणजे स्पायडरमॅननं, काय किंमत मोजली आठवा. मे काकू गेली. आख्ख्या जगाच्या आठवणीतनं तो पुसला गेला, त्याची प्रेयसी एमजे समोर उभी आहे, कॉफी देते, आणि तिला हा कोण माहीत नाही. तो सांगायला आलेला असतो, आणि तिच्या कपाळावरची पट्टी बघून न सांगता निघून जातो. हे पहिल्या अर्ध्या तासात कुठल्या तरी मंत्रानं फिरवू नका एवढंच मागणं आहे. त्याला तसाच राहू द्या, एकट्या खोलीत, स्वतः ड्रेस शिवणारा. २००४ च्या स्पायडरमॅनमधली रेल्वे आठवते ना? पोरगा आख्खी गाडी छातीनं थांबवतो आणि कोसळतो, मग प्रवासी त्याला हातोहात डोक्यावरनं आत घेतात आणि अलगद खाली ठेवतात. आमच्याकडं जिंकलेल्या पैलवानाला असं उचलतात. पडलेल्याला उचललेलं मी तिथंच पहिल्यांदा बघितलं, आणि तो सीन लागला की अजून चॅनेल बदलता येत नाही मला.

तर ३१ जुलैला आम्ही तिघं जाणार, शुक्रवार आहे, शिफ्ट बदलून घेतो. डूम्सडेची तारीख १८ डिसेंबर, त्यालाही जाणारच, स्टीव्हचं काय करतात ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय राहवणार नाही. तुम्ही कुठल्याची वाट बघताय ते खाली लिहा, डीसीवाल्यांनी पण लिहा. आण्णांना गुडघ्यामुळं कडेची सीट लागते, तेवढं बुकिंग उघडल्या उघडल्या करायला पाहिजे.